आत्याचं नाव सातबाऱ्यावर का नाही?

(पत्राचा गोषवारा. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

"आम्ही गुहागर तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात राहतो. आमच्या घराला लोक अजून 'खोतांचं घर' म्हणतात, पण आता उरलेत ते काही आंबे, थोड्या पोफळी आणि दरवर्षीचा शाकारणीचा खर्च. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीला आहे. मुंबईच्या चुलतबहिणीने दिलेल्या इंग्रजी रहस्यकादंबऱ्यांनी तिला वर्षभर झपाटलंय. सगळ्या एकाच साच्याच्या. गडगंज श्रीमंत घराणं, बेटावरचा बंगला, आजोबांचं मृत्युपत्र, चार-पाच नातवंडं आणि एखादं गुपित. जेवताना पुस्तक, रात्री बारापर्यंत दिवा. 'आपलं घर किती बोअर आहे' असं म्हणते. आमचे हे म्हणतात, असल्या वाचनाने डोक्यात श्रीमंतीचं खूळ शिरतं, बंद कर. या गणपतीत तर कहर झाला. सगळे जमलेले, नणंदही आलेली. जेवणं झाल्यावर हिने सगळ्यांदेखत विचारलं, 'आत्याचं नाव सातबाऱ्यावर का नाही?' सासूबाई उठून आत गेल्या. नंतर हिच्या गणिताच्या वहीत मागच्या पानावर आमच्या घराण्याचा वंशवृक्ष सापडला, बाण आणि प्रश्नचिन्हांसकट. वही मी लपवून ठेवली आहे. पुस्तकंही बंद करू का?"

ताई,

तुमचं पत्र फुलस्केपची चार पानं आहे. त्यातली साडेतीन पुस्तकांवर. सातबाऱ्याचा प्रसंग शेवटी, घाईघाईने, अक्षर बारीक करून लिहिलेला. वरच्या गोषवाऱ्यात मी त्याला तुमच्यापेक्षा जास्त जागा दिली, त्याबद्दल रागावू नका. ते शेवटचं अर्धं पान मी तीनदा वाचलं.

पण प्रश्न तुम्ही पुस्तकांबद्दल विचारलाय, तर आधी तेच. न वाचता बोलणं बरं नव्हे म्हणून भाचीकडून दोन मागवून घेतली. एक 'वुई वेअर लायर्स', २०१४ सालचं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ एका घराण्याच्या मालकीचं अख्खं बेट. आजोबांनी तिथे तिन्ही लेकींना एकेक घर बांधून दिलंय. दर उन्हाळ्यात सगळे तिथे जमतात आणि कुठलं घर कुणाच्या वाट्याला यायचं यावरून लेकी एकमेकींचे दात पाडायच्या बाकी आहेत. आजोबांना खूश ठेवायला त्या आपापल्या पोरांना पुढे करतात. शेवट सांगत नाही, तुमची लेक मला माफ करणार नाही. दुसरं 'द इनहेरिटन्स गेम्स', २०२० सालचं. हलाखीत वाढलेल्या एका शाळकरी मुलीला एक अनोळखी अब्जाधीश ४६.२ अब्ज डॉलरची मालमत्ता ठेवून जातो. अट एकच, वर्षभर त्याच्या हवेलीत राहायचं. हवेलीत चोरवाटा आहेत, कोडी आहेत, आणि वारसा हुकलेले चार नातू आहेत. दोन्ही पुस्तकं मी तीन रात्रींत संपवली. वय एकसष्ट. तेव्हा रात्री बारापर्यंत दिवा ही तक्रार मी फार मनावर घेऊ शकत नाही.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं, की यातून श्रीमंतीचं खूळ शिरतं. मला वाटतं, लिहिणाऱ्याला श्रीमंती लागते ती सोय म्हणून. रहस्यकथेला अशी जागा हवी जिथून कुणी चटकन निघून जाऊ शकत नाही, मोकळे दिवस हवेत, आणि माणसं भांडतील असं काहीतरी मोठं हवं. बेटावरचा बंगला हे सगळं एका दमात देतो. तिथल्या पोरांना सकाळची एसटी गाठायची नसते, आणि मोठी माणसं वकील आणि दारू यांत गुंतलेली, त्यामुळे पोरांना रान मोकळं. आपल्या वाडीत ही गोष्ट चालणारच नाही. खून सोडा, कुणाच्या घरी आज कुठली मासळी आली तेसुद्धा दहा वाजेपर्यंत लपत नाही.

आणि श्रीमंतांचं कौतुक म्हणाल तर ते या पुस्तकांत पहिल्या पन्नास पानांतच संपतं. पुढे दिसतात ती गोड बोलून खोटं बोलणारी मोठी माणसं. सोळाव्या वर्षी हा शोध नवा असतो. आपले वडीलधारे काहीतरी झाकताहेत हे मुलांना आधीपासून जाणवतं, पण आपल्याच घरात ते बघायची हिंमत होत नाही. परक्याच्या घरात, त्यातही सातासमुद्रापारच्या बंगल्यात, ते निवांत बघता येतं. म्हणून ती घरं जितकी लांबची, तितकी बरी. झुंबर वगैरे वरवरचं.

मग एक दिवस मूल पुस्तकावरून नजर उचलून आपल्या घराकडे बघतं. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय.

जरा तिच्या बाजूने बघा. जुनं मोठं घर. एरवी मोजकी माणसं, आणि गणपतीत मुंबई-पुण्याहून तीस. चुलत, मावस, आते सगळी भावंडं माडीवर एका रांगेत झोपणार. वर एक आजी, जिच्या शब्दाबाहेर कुणी नाही. रात्री भजन आटोपलं की खळ्यात खुर्च्या टाकून काका मंडळींची बैठक, आणि पोर पाण्याचा तांब्या घेऊन आलं की आवाज एकदम खाली. "पुढच्या वेळी मोजणी आणूया" एवढंच ऐकू येतं. त्या अमेरिकन बेटात आणि यात फरक एवढाच की आपल्याकडे आरतीला टाळ कमी पडतात. 'वुई वेअर लायर्स' उघडलं की पहिल्याच पानांवर बेटाचा नकाशा आणि घराण्याचा वंशवृक्ष छापलेला आहे. तुमच्या लेकीने तो बघितला आणि गणिताच्या वहीत स्वतःचा काढला. "घर बोअर आहे" असं तोंडाने म्हणणारी मुलगी रात्री बसून त्याच घराचे बाण जोडतेय, हे तुमच्या लक्षात आलं का?

तुम्ही त्या पानाचं वर्णन केलंय. पणजोबांपासून सुरुवात, मुलग्यांच्या नावांभोवती चौकोन, मुलींच्या नावांभोवती गोल. चौकोनांतून पुढे रेघा निघतात. गोल तिथेच थांबतात. आत्याच्या गोलाशेजारी प्रश्नचिन्ह, दोनदा गिरवलेलं. हे तिला कुठल्या कादंबरीने शिकवलेलं नाही. तिने तुमचा सातबारा बघितलाय, हल्ली तो फोनवर सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर कुणालाही दिसतो, आणि तिथे जे आहे तेच कागदावर उतरवलंय. त्या गोलांत उद्या तिचंही नाव असणार, हे तिला कळत नसेल असं समजू नका.

म्हणून मला तुमचा प्रश्नच थोडा सरकवावासा वाटतो. पुस्तकं बंद केली तर ती फोनवर वाचेल, ते एक. पण समजा नाही वाचली, तरी विचारून झालेला प्रश्न परत तिच्या घशात कसा घालणार? त्या दुपारी तिला उत्तर कुणीच दिलं नाही. सासूबाई आत गेल्या, तुम्ही ओरडलात, आणि दोष गेला इंग्रजी कादंबऱ्यांवर. उत्तर द्यायचं मात्र राहून गेलं.

उत्तर वाईटच असेल असं मी धरून चाललेली नाही. कदाचित तुमच्या नणंदेने आपणहून हक्क सोडला असेल. कदाचित सासरे गेल्यावर वारसनोंदीच्या वेळी कुणी तिचं नाव दिलंच नसेल. कदाचित तिला कुणी विचारलंच नसेल. या तीन गोष्टी फार वेगळ्या आहेत, आणि तुमच्या पत्रावरून मला वाटतं, तुम्हालाही नक्की माहीत नाही.

माझं सांगते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माहेरी गेले होते. दुपारी भावाने गाडी काढली, तालुक्याला जाऊन येऊ म्हणाला. कचेरीत गर्दी, पंखा बंद. माझ्यापुढे कागद आले. मी विचारलं ते एवढंच, "सही कुठे करू?" येताना त्याने मला बाजारातून ओल्या काजूगरांची पुडी घेऊन दिली. ते हक्कसोडपत्र होतं, म्हणजे मिळकतीतला आपला वाटा सोडून दिल्याचा कागद, हे मला पुढे पंधरा वर्षांनी कळलं. भावाबद्दल माझ्या मनात राग नाही, त्याचं त्या घरावर किती आटलंय ते मी बघितलंय. पण मला कुणीतरी आधी समजावून सांगायला हवं होतं, आणि मी तरी विचारायला हवं होतं. तुमच्या लेकीने सोळाव्या वर्षी विचारलं. तिने वेळ चुकीची निवडली हे खरंच, भरल्या घरात आजीला कोंडीत पकडायचं नसतं. तेवढं तिला सांगा. पण वेळ चुकली म्हणून प्रश्न चुकीचा होत नाही.

कायद्याचं थोडक्यात, कारण असली पत्रं मला बरीच येतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मानेच मुलाइतका हक्क मिळाला. महाराष्ट्राने त्याआधी १९९४ मध्येच तसं पाऊल उचललं होतं, फक्त तेव्हा लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं, की २००५ मध्ये वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही. आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र यामुळे उकरल्या जात नाहीत, आणि नोंदवलेलं हक्कसोडपत्र असेल तर ते आधी वाचायला लागतं. आणखी एक. सातबारा ही महसुली नोंद आहे. त्यावर नाव नाही म्हणजे हक्कच नाही, असं परस्पर ठरवू नका. कागद गोळा करा, फेरफार (सातबाऱ्यावरची नावं कधी, कशी बदलली त्याची नोंद) काढा, आणि तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या वकिलाला तासभर भेटा. भांडायला नव्हे, आधी समजून घ्यायला. मी वकील नाही, एवढ्यावर थांबते.

मुलीशी बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. तिच्या हातातलं एक पुस्तक मागून घ्या. इंग्रजी जड वाटत असेल तर तिलाच गोष्ट सांगायला लावा. रोज संध्याकाळी सुपाऱ्या सोलताना एक प्रकरण. मुलं अशा वेळी खुलतात, समोरासमोर बसवून "बोल आता" म्हटलं की मिटतात. मग मधेच विचारा, "त्या एवढ्या बंगल्यात भांडी कोण घासतं गं?" मी वाचलेल्या दोन्ही पुस्तकांत नोकरमाणसं आहेत, पण गोष्ट त्यांच्याकडे फारशी वळत नाही. याचं तिला काय वाटतं ते ऐका. हा मला त्या साऱ्या प्रकारातला खरा कच्चा दुवा वाटतो. पैसा कुठून आला हे तिथे झटक्यात उरकलं जातं, आणि तो कुणाला मिळणार यावर चारशे पानं.

आणि हा प्रश्न तिच्यासाठी अमेरिकेपुरता नाही. तुमच्या घराला खोतांचं घर म्हणतात. खोत म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा वसूल करणारा. कुळांनी, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांनी, पिकवायचं आणि वाटा खोताकडे पोचवायचा, त्यावर ही मोठी घरं उभी राहिली. अलिबागेजवळ चरीला नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी १९३३ ते १९३९ जमिनी कसायच्याच थांबवल्या होत्या, उपाशी राहून. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि कायदा व्हायला १९४९ उजाडलं. तुमच्या सासूबाईंना घरातलं यातलं बरंच ऐकून माहीत असेल. कोण कुळ होतं, कुणाची जमीन कुळकायद्यात कसणाऱ्याकडे गेली, कुणाशी अजून बोलणं नाही. मुलीला रहस्य हवंय ना? त्यांच्याशेजारी बस म्हणावं. प्रश्न विचारायचा, मग गप्प राहायचं. ते तिला जमलं तर ती खरी शोधक.

श्री. ना. पेंडसे यांचं 'तुंबाडचे खोत' तुम्ही वाचलंय का? १९८७ चं, दोन खंड, जगबुडीच्या काठच्या एका खोत घराण्याच्या कित्येक पिढ्या. वारसा, हाव, दुरावा, वाडा, सगळं तिथे आहे, आणि भाषा आपली. सोळाव्या वर्षी पहिला खंड जरा जड जाईल, पण दोघींनी मिळून वाचला तर ओढ लागते. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात विचारा, १८६४ पासूनची संस्था आहे. मात्र "त्या कचऱ्यापेक्षा हे वाच" असं म्हणून हातात देऊ नका. माझ्या वडिलांनी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, ते झुंझार, माझ्या हातून काढून घेतले होते आणि जागी एक थोर ग्रंथ ठेवला होता. तो ग्रंथ मी आजतागायत उघडलेला नाही. झुंझार शेजारच्या माळ्यावर बसून वाचले.

काही गोष्टींत मात्र मी तुमच्या बाजूची आहे. या कादंबऱ्या किशोरांसाठी म्हणून विकल्या जातात, पण काहींत दारू, औषधांच्या गोळ्या, जिवावर बेतणारे अपघात, मानसिक त्रास असतो. तुमची सोळाची आहे, तिला झेपेल. धाकटा भाऊ तिच्या पिशवीत हात घालत असेल तर जरा बघा. त्याच्यासाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच, त्यातही शोध कमी नाहीत. जेवताना पुस्तक नको हा नियम करायचा असेल तर मग फोनलाही लागू करा, आणि यजमानांच्या फोनलाही. अभ्यासाबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत, यावरून मार्क बरे असावेत असा माझा तर्क.

दुसरं जरा गंभीर. कथेतल्या पोरी बिनदिक्कत दुसऱ्याचे फोन उघडतात, कपाटं उचकतात, दाराआड कान लावतात. आपल्या घरात हे चालणार नाही, हे तिला स्वच्छ सांगा. सासूबाईंच्या ट्रंकेला हात लावायचा नाही, आत्याची पत्रं वाचायची नाहीत. विचारायचं सगळं, उघडायचं काही नाही. पण हा नियम तुम्ही उत्तरं द्यायला लागलात तरच टिकेल. नाहीतर ट्रंक उघडणारच, आणि मी तिला दोष देणार नाही.

कथेत अजून एक फसवणूक असते, तीही हळूच सांगा. तिथे मेलेल्या आजोबांनी सगळं कोडं नीट रचून ठेवलेलं असतं. शेवटच्या प्रकरणात किल्ली सापडते. आपल्या सातबाऱ्यावर अर्धी माणसं वारलेली, कुणी बडोद्याला, कुणाचा पत्ता नाही, एका नावाचं स्पेलिंगच चुकलेलं. असलं कुणी रचलेलं नसतं, ते साचत गेलेलं असतं. त्यात खलनायक शोधायला गेली तर हाती लागेल तो एक थकलेला काका. तिला आत्ताच सगळं सांगा असं मी म्हणत नाही. भावाभावांतली देणीघेणी, कोण कुणाला काय बोललं, हे तिच्या डोक्यावर टाकायची गरज नाही. पण "तुझ्या आत्याचं असं असं झालं, आणि तुझ्या बाबतीत आम्ही असं ठरवलंय" एवढं तिला कळायला हवं. दुसरा भाग अजून ठरवला नसेल तर यजमानांशी बोलून आधी तो ठरवा. ते चिडतील. पुस्तकांवर चिडणं त्यांना सोपं गेलं, त्यामागे हेच तर नसेल? मी चुकत असेन, तुम्ही त्यांना ओळखता.

आत्याशी कुणी बोलायचं, हा यातला अवघड भाग. तो मुलीवर सोडू नका. भाऊबीजेला नणंद येईल तेव्हा ओवाळणी वगैरे होऊ दे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पुरुषमंडळी बागेत गेली की, तुम्ही चहा घेऊन पडवीत तिच्याशेजारी बसा. तुम्ही या घरात सून म्हणून आलात, तिच्याकडून काही हिसकावून घेतलेलं नाही. तुम्हाला विचारता येईल. "पोरीने त्या दिवशी विचारलं, तुला वाईट वाटलं का?" एवढंच. हक्क, वाटा, कागद यातला एकही शब्द पहिल्यांदा नको. कदाचित ती हसून विषय बदलेल. कदाचित म्हणेल, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं. मला कुणी विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, याचा मी परवापासून विचार करतेय.

आणि ती वही आजच परत द्या. मागच्या पानासकट, न फाडता. घटक चाचणी जवळ आली असेल.